एक तास मागचं घड्याळ

अल्बनी, ऑकलंड
३ ऑक्टोबर २००७

सौ. शांताताईंना मंदाकिनीचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन न करता लिहितेय, कारण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि मला जे विचारायचंय ते तुमच्या लेकीच्या कानावर जायला नको.

रविवारी इथे सगळ्या देशानं घड्याळं एक तास पुढे केली. उन्हाळ्यातला संध्याकाळचा उजेड वाया जाऊ नये म्हणून दरवर्षी करतात म्हणे. यंदा सरकारनं आठवडाभर आधी सुरू केलंय आणि शेवटही लांबवून एप्रिलवर नेलाय. त्यावर दोन तट पडलेत. शेजारच्या मार्गरेटनं "लांबवा" म्हणून अर्जावर सही केली होती, तिला संध्याकाळी बागेत खुरपायला मिळतं. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, तिथले पटेल उलट चिडलेत. म्हणतात, गाईंना कोण सांगणार की आजपासून धार एक तास आधी?

पहिल्या दिवशी मीही चिडले. सूर्याला काय नोटीस पाठवणार आहेत का हे? पण एकतीस वर्षं मी ठाण्याच्या शाळेच्या ऑफिसात काढली, घंटा माझ्या घड्याळावर व्हायची. एकदा सर्क्युलर आलं की वाद संपला. एका घरात एकच वेळ हवी.

आणि नेमकी तीच इथे नाही. गुरुदत्तनं रविवारी सकाळी ओव्हन, गाडी, बेडरूम, सगळीकडची घड्याळं पुढे केली. स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हात घालणार तोच निवेदिता म्हणाली, "ते राहू दे." का? तर "मला तसंच हवंय." माझा मुलगा लगेच स्टुलावरून उतरला. त्याचं काय सांगायचं!

आता माझी खरी शंका. रविवारपासून रोज संध्याकाळी बरोबर साडेसहाला निवेदिता फोन घेऊन गॅरेजमध्ये जाते आणि गाडीत बसून बोलते. गुरुदत्त सातला येतो, त्याच्या आत हिचं आटोपलेलं असतं. मी ऑगस्टमध्ये आले तेव्हा हेच साडेपाचला चालायचं, पण तेव्हा ती बसवरून उतरून बोलत बोलतच घरात यायची, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. आणि श्रिया! सहा वर्षांची पोर, नुकती कुठे घड्याळ शिकलीय. ती मध्येच गॅरेजमधून पळत येते, त्या मागे राहिलेल्या घड्याळाकडे टक लावून बघते, आणि पुन्हा पळत जाते. विचारलं तर म्हणते, "आजी, इट्स अ सीक्रेट."

कचऱ्यात भारताची फोनकार्डं सापडतात, आठवड्याला दोन-तीन. रोजचा फोन तुम्हाला असतो का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

तुमची मंदाकिनी

•

पुणे
१५ ऑक्टोबर २००७

प्रिय मंदाकिनीताई,

तुमचं पत्र आलं, किती दिवसांनी कुणाचं तरी हस्ताक्षर पाहिलं! अक्षर काय सुरेख हो तुमचं, अजून शाळेच्या दाखल्यावरचं वाटतं.

इकडे पाऊस गेला एकदाचा. चकलीची भाजणी दळून आणलीय, या वेळी जरा धणे जास्त घातलेत. श्रियाला चकल्या आवडतात, पण तुमच्या विमानतळावर म्हणे खाऊचे डबे उघडून बघतात.

घड्याळाचं म्हणाल तर मला विचाराल तर निवेदिताचं काही चुकलं नाही. सूर्य आहे तिथेच असतो, मग माणसांनी काटे का फिरवायचे? हेसुद्धा तेच म्हणतात. वेधशाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन पर्जन्यमापक बघतात, पाऊस असो नसो. म्हणतात, निरीक्षणाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. तब्येत एकदम छान आहे हो त्यांची.

फोनचं विचारलंत. आम्हाला निवेदिताचा फोन रविवारीच येतो. आठवड्यातून एकदा. ऑफिसचं काही काम असेल तिचं, हल्ली पुण्यातल्या कंपन्यांशी बोलावं लागतं ना त्यांना. पोरी किती राबतात!

एप्रिलमध्ये तुम्ही परत याल आणि आमची पाळी, असं ठरलंय ना? तिकिटाचं गुरुदत्तरावांना एकदा आठवण कराल का? ह्यांना श्रियाला भेटायची फार ओढ लागलीय. या वेळी जमायलाच हवं.

तुमची शांता

•

अल्बनी
२७ ऑक्टोबर २००७

शांताताई,

धण्याबद्दल आभार. मी विचारलं होतं हो किंवा नाही. तुम्ही "नाही" लिहिलंत, ते बरं झालं.

म्हणजे रोजचा फोन तुम्हाला नाही. मग कोणाला? ऑफिसचं काम गाडीत बसून, दार लावून, सहा वर्षांच्या पोरीला सोबत घेऊन करतात होय? मी मुद्दाम कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गॅरेजच्या दाराशी उभी राहिले. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. असा लाडीगोडीचा आवाज तिनं माझ्या मुलाशी काढलेला मी कधी ऐकला नाही. "हो रे राजा, मीच आहे, मीच आहे," असं दोनदा म्हणाली. आता सांगा!

मनात येतं ते लिहायला हात धजत नाही. तुम्ही आई आहात, समजून घ्या.

सरळ तिला विचारलं, कोणाशी बोलतेस गं रोज? तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मैत्रीण आहे पुण्याची." मैत्रिणीला कोणी राजा म्हणतं का? मग त्या घड्याळाचं विचारलं, तर म्हणाली, "आई, प्लीज, त्याला हात लावू नका." प्लीज! पंचवीस डॉलरचं प्लास्टिकचं घड्याळ, आणि डोळ्यांत पाणी.

कुठेतरी पाणी मुरतंय, शांताताई, आणि मला वाटतं तुम्हाला ते कुठे मुरतंय हे ठाऊक आहे. दोन पानी पत्रात तुम्ही मुलीबद्दल दोन ओळी लिहिल्यात, भाजणीबद्दल तीन.

दिवाळी होऊ दे, मग मी गुरुदत्तच्या कानावर घालणार आहे. तोपर्यंत एप्रिलच्या तिकिटांचं थांबवायला सांगितलंय त्याला. कारण विचारत होता, मी म्हटलं नंतर सांगते. घर कुणाचं राहणार तेच माहीत नसताना पाहुण्यांची तिकिटं कसली काढायची?

मंदाकिनी

•

पुणे
५ नोव्हेंबर २००७

मंदाकिनीताई,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं, लगेच लिहायला बसले. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुम्हाला वाटतं तसं काही, काहीही नाही. माझ्या मुलीच्या चारित्र्याबद्दल मी देवावर हात ठेवून सांगते. तुम्ही शिव्या द्या मला, पण तिला काही बोलू नका आणि गुरुदत्तरावांना काही सांगू नका. मी खोटं बोलले असेन. एका गोष्टीत बोलले. कारण आता सांगता येत नाही, भेटल्यावर सांगेन.

फक्त एक करा. ते स्वयंपाकघरातलं घड्याळ आहे तसं राहू द्या. पुढे करू नका. का म्हणून विचारू नका, तुमच्या पाया पडते.

आणि एप्रिलचं थांबवू नका हो. एप्रिलसुद्धा मला फार लांब वाटतोय.

शांता

•

अल्बनी
७ नोव्हेंबर २००७

शांताताई,

आज धनत्रयोदशी. माझ्या आधीच्या पत्राला तुमचं उत्तर नाही, नसलं तरी चालेल. संध्याकाळचे सव्वासात झालेत आणि बाहेर लख्ख ऊन आहे. मार्गरेट जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून पाणी घालतेय तिच्या गुलाबांना. मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय, समोर माझा पराक्रम टांगलेला आहे.

सकाळी दिवाळीची साफसफाई काढली. स्टुलावर चढले, ते घड्याळ उतरवलं, फोडणीचा चिकटा साबणानं पुसला आणि काटे एक तास पुढे करून पुन्हा टांगलं. या देशाची जी वेळ आहे ती लावली, दुसरं काही केलं नाही. निवेदिता ऑफिसातून आली, पण तिच्या नेहमीच्या घाईत वर बघितलंच नाही.

साडेसहाला दोघी गॅरेजमध्ये. मी कणीक मळत होते. चारेक मिनिटांनी श्रिया पळत आली, मान वर करून बघितलं, बोटावर मोजलं, आणि पळत गेली. तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "हाफ पास्ट सिक्स! साडेसहा!" पाठ पक्का झालाय हो पोरीचा.

निवेदिता आत आली ती पांढरीफटक. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "आई, तुम्ही केलंत?" मी म्हटलं, "केलं. एका घरात दोन वेळा चालायच्या नाहीत." ती तिथेच फरशीवर बसली आणि पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवायला लागली. तिकडे कोणी उचलत नव्हतं. आताही खोलीत तेच चाललंय.

चोर पकडला की माणसाला समाधान वाटतं. मला वाटत नाहीये. का ते तुम्हीच सांगा.

मंदाकिनी

•

पुणे
१० नोव्हेंबर २००७, पाडवा

मंदाकिनीताई,

बुधवारी तुमच्याकडे काय झालं ते मला निवेदितानं सांगितलंय. तुम्हाला तिनं काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. तेव्हा मीच सगळं लिहिते. लपवायला आता काही उरलेलं नाही.

रोजचा फोन आम्हालाच असतो. तुम्ही जिला राजा म्हणताना ऐकलंत, ती तिच्या बाबांशी बोलत होती.

जूनपासून ह्यांची स्मृती जातेय. आधी चष्मा, किल्ल्या. मग एक दिवस मला विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" छत्तीस वर्षांचा संसार, ताई. डॉक्टर म्हणाले, हे उतरत जाणार, किती वेगानं ते सांगता येत नाही. पण फोनवरचा निवूचा आवाज ओळखायचे. रोज सकाळी अकराला फोनपाशी बसायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं होतं. तेही एकदा डळमळलं. तिलाच म्हणाले, "तुम्ही निवू आहात कशावरून?" मग त्यांनीच एक तपासणी काढली. "तिथे किती वाजले? घड्याळात बघून सांगा." तिकडे साडेपाच, इकडे अकरा, मधलं अंतर साडेसहा तासांचं. हिशेब जुळला की म्हणायचे, "बरोबर, निवूच आहे." मग पोटभर बोलायचे.

आपल्याकडे काटे फिरत नाहीत, तुमच्याकडे फिरले. अकराला तिकडे साडेसहा व्हायला लागले. ते त्यांना समजावून सांगणं शक्य नव्हतं. नुसतं "साडेपाच" म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण निवू म्हणाली, आई, बाबांशी रोज खोटं नको बोलायला, आणि श्रियाला तर मुळीच शिकवायला नको. म्हणून तिनं एक घड्याळ मागेच ठेवलं. ते बघून सांगितलं की खरंच साडेपाच.

बुधवारी श्रियानं साडेसहा सांगितले. ह्यांनी फोन खाली ठेवला. मला म्हणाले, "हे घर निवूचं नाही. कोणीतरी तिच्या आवाजात बोलतंय." मी खाली दार उघडायला गेले होते, दूधवाल्याची पिशवी घेऊन वर येईपर्यंत हे दुसऱ्या जिन्यानं उतरून गेले. छत्री घेऊन, अनवाणी. मी वेड्यासारखी रस्त्यारस्त्यानं हिंडले. घरात फोन वाजत होता, उचलायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी पाचला सापडले. त्यांच्या जुन्या ऑफिसच्या फाटकाशी बसले होते. पावलं सोलवटलेली. वॉचमनला सांगत होते, "चुकीची नोंद झालीय, तेवढी दुरुस्त करून जातो."

ताई, दोष तुमचा नाही, माझा आहे. मुलीच्या सासरी कसं सांगायचं, याचीच मला लाज वाटली. शिवाय भीती होती. असा माणूस सांभाळायला कोण घरात घेईल? कळलं तर तुम्ही एप्रिलचं नको म्हणाल. म्हणून निवूकडून शपथ घेतली की नवऱ्यालाही सांगायचं नाही, आणि तुम्हाला लिहिलं की फोन रविवारीच येतो. माझ्या त्या एका ओळीनं तिच्यावर काय बालंट आलं! तुम्ही जे समजलात ते कोणीही समजलं असतं.

मला एवढंच हवं होतं की तिला ओळखताहेत तोवर एकदा तिच्या समोर उभं करावं. आता तिकिटाचं काही म्हणत नाही.

शांता

•

अल्बनी
२० नोव्हेंबर २००७

शांताताई,

पाच तारखेचं तुमचं पत्र इथे चौदाला पोचलं. "पुढे करू नका." त्याच्या आठवडाभर आधी मी पुढे करून बसले होते. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय.

निवेदितानं धनत्रयोदशीच्या संध्याकाळीच सगळं सांगितलं, आणि तुमचे व्याही सापडेपर्यंत, म्हणजे आमचे, काय लिहितेय मी, चारुदत्तराव सापडेपर्यंत, आम्ही तिघं फोनभोवती बसून होतो. मी माझ्या सुनेबद्दल काय काय मनात आणलं, ते मी तिच्यासमोर तोंडानं कबूल केलं. ती म्हणाली, "आई, मला अंदाज होता." अंदाज असूनही रोज मला गरम पोळी वाढत होती ही मुलगी. लाज वाटते हो मला स्वतःची.

पण तुम्हालाही बोलणार आहे, सोडणार नाही. मला काय समजलात तुम्ही? तुमच्या नवऱ्याची आठवण जातेय म्हणून मी दार लावून घेईन? माझी सासू शेवटची चार वर्षं मला मोलकरीण समजत होती, रोज पगार विचारायची. मी काढलं की नाही सगळं? एकदा विश्वास टाकून बघायचा होतात. मी संशयी आहे, मान्य. पण तुम्ही काही कमी नाही.

आता ऐका, हे सर्क्युलर आहे असं समजा. एप्रिल रद्द. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या. गुरुदत्त व्हिसाचे कागद भरतोय. तुम्ही यायच्या आधी मी घराची सगळी माहिती लिहून ठेवते आणि ठाण्याला जाते. जागा लागेल तुम्हाला, आणि चारुदत्तरावांना अनोळखी चेहरे कमी हवेत.

घड्याळ त्याच संध्याकाळी मी स्वतः मागे केलं. मार्गरेट परवा चहाला आली होती, म्हणाली, तुमचं घड्याळ चुकलंय. मी म्हटलं, हे घड्याळ बरोबर आहे, बाकीच्या देशाचं काय ते तुम्ही बघा.

मंदाकिनी

•

अल्बनी
६ एप्रिल २००८

प्रिय मंदाकिनीताई,

ठाण्यात उकाडा वाढला असेल. तुम्ही ठेवून गेलेली मेथी पेरली, ती वर आलीय.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, समोर आल्यावर ते निवूला ओळखतात का? उत्तर टाळत होते, जुनी खोड. नाही ओळखत, ताई. तिला "बाई" म्हणतात, चहा छान करता म्हणतात. आणि रोज त्यांच्या अकराला, त्या आपल्या घड्याळाच्या साडेपाचला, फोनपाशी जाऊन बसतात. लेकीचा फोन यायचाय म्हणून. मग निवू काय करते, तर मोबाइल घेऊन गॅरेजमध्ये जाते, गाडीत बसते आणि घरातल्या फोनवर फोन करते. हे मनगटावरच्या, अजून पुण्याच्याच वेळेवर असलेल्या घड्याळात अकरा बघतात, तिला विचारतात, "तिथे किती वाजले?" ती साडेपाच म्हणते, हिशेब जुळतो, आणि दोघं पंधरा मिनिटं बोलतात. मधे फक्त एक भिंत असते. मी इकडे भाजी चिरत असते. गेले दोन महिने हे असंच चाललंय, तुम्हाला लिहायचं धाडस झालं नव्हतं.

आज मात्र लिहायलाच हवं असं झालं.

आज इथे सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे घेतली. गुरुदत्तराव सकाळी ओव्हन, गाडी, बेडरूम करत फिरत होते. स्वयंपाकघरातल्या घड्याळाला कोणी हात लावला नाही, आज सगळा देशच त्याच्या वेळेवर आला. हे मागे मागे हिंडून बघत होते. शेवटी गुरुदत्तरावांपुढे मनगट केलं आणि म्हणाले, "सगळ्यांची लावताय, माझंही लावा." आयुष्यात कधी त्या घड्याळाला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. गुरुदत्तरावांनी माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणून मान हलवली. लावलं. मला मात्र वाटलं, आता अकरा दिसले नाहीत की पुन्हा छत्री घेऊन निघतील.

संध्याकाळी निवू गॅरेजमध्ये गेली. फोन वाजला, ह्यांनी उचलला.

"तिथे किती वाजले?"

ती म्हणाली असणार, साडेपाच. ह्यांनी मनगट बघितलं, मान वर करून भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पुन्हा मनगट बघितलं. मी सुरी खाली ठेवली.

"इथेही साडेपाचच," हे म्हणाले. जरा विचार केला, ऑफिसात करायचे तसा, डोळे बारीक करून. "वेळ सारखी आहे म्हणजे तू लांब नाहीस. निवू, तू इथेच कुठेतरी आहेस. मग ये ना."

गॅरेजचं दार उघडलं. निवू दारातच उभी राहिली, फोन अजून कानाला. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"आलीस?" म्हणाले. "दार लोटून घे, वारा येतोय."

तुमची शांता